आपली सोय आणि शेजाऱ्याची सोय

हत्यार हाताला बसेल असे करून घ्यावे, की हात हत्याराला बसेल असा वळवावा? सुतार आपल्या रंध्याची मूठ घासून घेतो, त्याला कोणी दोष देत नाही. पण जे हत्यार दहा जणांच्या हाती जाते त्याचे काय? प्रश्न लहान दिसतो, पण त्यात शेजारधर्म दडलेला आहे. संगणकाच्या कळफलकाच्या निमित्ताने आपण त्याचा विचार करू.

येथे देवासला आम्ही अलीकडे असा एक कळफलक स्वतः जोडला. स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली बहुधा रबराचा एकच पडदा असतो. यात मात्र प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र खटका आहे. खटके एकेक करून बसवले, डाग देऊन पक्के केले आणि कोणत्या कळेने कोणता संकेत पाठवावा हे आतल्या लहानशा चिपला शिकवले. नेहमीच्या कळफलकावर कळांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असतात. टंकलेखन यंत्रातील दांड्यांना वाट मिळावी म्हणून ती रचना झाली होती. दांड्या गेल्या, सरकलेपण राहिले! आम्ही कळा सरळ उभ्या रांगांत लावल्या.

अक्षरांची मांडणी बहुतांशी इन्स्क्रिप्टचीच ठेवली. १९९१ च्या भारतीय मानकात आलेली ही मांडणी मोठ्या विचाराने केलेली आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर. गुजराती असो वा बंगाली, ‘क’ची जागा तीच. परंतु ‘ळ’ मात्र ‘ल’च्या कळेवर, शिफ्ट दाबून मिळतो. हिंदीला त्याची गरज क्वचितच पडते. ‘बाळ’, ‘शाळा’, ‘वेळ’ लिहिणाऱ्या मराठी माणसाला मात्र दर ओळीला करंगळी ताणावी लागते. म्हणून आम्ही ‘ळ’ला अंगठ्याखाली स्वतःची कळ दिली.

आता खरी परीक्षा सुरू झाली. मुरलेल्या टंकलेखकाला ‘ग’ कोठे आहे असे विचारा; तो आधी हवेत बोट हलवतो आणि मग सांगतो. ज्ञान डोक्यात नसून बोटांत असते. ते बोटांतून काढून नवे भरायचे म्हणजे प्रौढ माणसाने पुन्हा बालवर्गात बसणे होय. काही आठवडे एकेक शब्द रांगत पुढे जातो. जुनी मांडणी तेव्हा स्वाभाविक वाटते आणि नवी चुकीची. वास्तविक पहिली फक्त सवयीची असते. सवय आणि सत्य यांची गल्लत आपण इतर ठिकाणीही करतो, नाही का?

पण हे कष्ट कोणी सोसले? आम्हीच. येथेच आम्हाला या प्रश्नाची किल्ली सापडते असे वाटते. आपल्या सोयीची किंमत आपणच भरत असू, तर ती सोय निर्दोष आहे. ती किंमत दुसऱ्याच्या माथी पडू लागली, की तिचा पुन्हा विचार करावा.

मोडी लिपीचे उदाहरण घ्या. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून ती कारकुनांच्या हाती रुळली. मराठी राज्यांची दप्तरे तिच्यात भरली. धार-देवासच्या पवारांचा कारभारही त्याच परंपरेतला. लिहिणाऱ्याची सोय झाली. पण आज घरातले जुने मोडी पत्र किती नातवंडांना वाचता येईल? कळफलकाचे तसे नाही. ‘बाळ’ हा शब्द कोणत्याही कळेने उमटवा, वाचणाऱ्या मुलाला तो सारखाच दिसतो. येथे वाचकावर भार पडत नाही.

भार पडतो तो शेजारी बसणाऱ्यावर. रविवारच्या शाळेचे पाठ ज्या संगणकावर चार जण टाइप करतात, तेथे आपला वेगळा कळफलक कायमचा जोडून ठेवणे म्हणजे सामाईक विहिरीवर फक्त आपल्याच घागरीला बसेल असा दोर बांधणे होय. म्हणून आम्ही धारला एखाद्या सामाईक यंत्रावर बसतो तेव्हा तेथील मांडणीनेच लिहितो, आणि ती हातून जाऊ नये म्हणून घरीही अधूनमधून तिचा सराव करतो.

याची दुसरी बाजूही आहे. जुन्या टाइपरायटरवर शिकलेला माणूस ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी मारतो, मग ‘क’. डोळ्याला दिसते तसे. इन्स्क्रिप्टमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. तोंडाने उच्चारतो तसे. पहिली रीत जुनी म्हणून त्या माणसाचे उभ्या आयुष्याचे कसब एका हुकमाने निकामी ठरवावे काय? मध्य प्रदेशात नोकरीसाठीच्या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकलेखनाला रेमिंग्टन व इन्स्क्रिप्ट या दोन्ही पद्धती मान्य केल्या गेल्या. त्यात न्यायबुद्धी आहे.

तेव्हा वाचकहो, आपले हत्यार अवश्य आपल्या हाताजोगे करावे. सामाईक हत्यार सामाईकच राहू द्यावे. आणि ज्याच्या बोटांत जुनी मांडणी मुरली आहे, त्याला नवी शिकण्यासाठी तेवढाच अवधी द्यावा, जेवढा आपण स्वतःला दिला होता.