जिला माहेर नाहीं

सासरीं गेलेली लेक माहेरीं आली म्हणजे तिला दारांतच कोणी कारण विचारीत नाहीं. दिवाळी असो, पंचमी असो, बाळंतपण असो, किंवा नुसतें मन उदास झालें असो. ती उंबऱ्याशीं उभी राहिली कीं आई हातपाय धुवावयास पाणी देते, आणि काय तें बोलणें मागाहून सावकाश होतें. ह्या साध्या गोष्टीची किंमत आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. परक्या घरीं चार कठोर शब्द सोसण्याचें बळ त्या मुलीला कोठून येतें? मागें एक दार आहे, आणि तें लोटलेलें असलें तरी त्याला आपल्यासाठीं कडी नाहीं, ह्या खात्रींतूनच तें येतें.

आज वाचकांपुढें एक प्रश्न ठेवावयाचा आहे. जिला असें दारच नाहीं, तिच्याविषयीं इतरांचें कर्तव्य काय? आणि तें दया म्हणून करावयाचें, कीं देणें म्हणून?

हा प्रश्न कल्पनेंतला नव्हे. मुंबई उपनगरांत मानखुर्द, देवनार, अंधेरी ह्या बाजूंस मुलींचीं व स्त्रियांचीं आश्रयगृहें आहेत. कांहीं शासनाचीं आहेत, कांहीं संस्थांचीं; अंधेरीचें सेंट कॅथरिन होम रोमन कॅथलिक भगिनींचें आहे. मुंबईची चिल्ड्रन्स एड सोसायटी तर १९२७ सालापासून निराधार मुलांचें काम करीत आली आहे. अशा गृहांत येणाऱ्या मुली कोण? कोणी आईबापांवेगळी झालेली. कोणी स्टेशनावर एकटी सांपडलेली. कोणी घरकामाच्या नांवानें आणून विकलेली. कोणी घरच्याच माणसाच्या हातून नासाडी झाल्यामुळें न्यायालयानें सोडविलेली. आणि कोणी स्वतःच्या हातून गुन्हा घडल्यामुळें तेथें आलेली. ह्यांतल्या कित्येकींचा जन्म आपल्यासारख्याच खेड्यांत झालेला असतो. म्हणून हें शहराचें दुखणें आहे, आम्हां खेड्यांतल्या मंडळ्यांस त्याचें काय, असें कोणीं म्हणूं नये.

कायदा काय म्हणतो तें प्रथम पाहूं. बालकांच्या न्याय व संरक्षणाविषयींच्या २०१५ च्या कायद्यांत असें आहे कीं, अठरा वर्षें पूर्ण होऊन गृह सोडणाऱ्यास समाजांत मिसळतां यावें म्हणून पैशाचें साहाय्य देतां येईल. पुढच्या वर्षीं झालेल्या नियमांप्रमाणें ही मागाहूनची काळजी, जिला अनुरक्षण म्हणतात, एकविसाव्या वर्षापर्यंत आणि विशेष प्रसंगीं आणखी दोन वर्षें घेतां येते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेंत त्यासाठीं दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं अनाथांसाठीं शिक्षणांत व नोकरींत एक टक्का जागा राखून ठेविल्या. ह्या सर्व चांगल्या गोष्टी आहेत, व त्या ज्यांनीं मिळविल्या त्यांचे आभार मानले पाहिजेत. परंतु 'देतां येईल' ह्या दोन शब्दांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. 'दिलेंच पाहिजे' असें तेथें म्हटलेलें नाहीं. शिवाय एकवीस काय आणि तेवीस काय, माहेराला वयाची मर्यादा नसते. चाळीस वर्षांची लेक दारीं आली तर, 'बाई, तुझीं वर्षें भरलीं,' असें कोणती आई म्हणते?

आतां ती मुलगी फाटकाबाहेर पडली असें समजा. हातांत एक पिशवी आहे. तींत कपडे व दाखले आहेत. आजवर घंटा झाली कीं उठावयाचें, घंटा झाली कीं जेवावयाचें. मीठ कोठें व काय भावानें मिळतें हें पाहण्याची तिला गरज पडली नव्हती. आजपासून मात्र सर्व तिनेंच ठरवावयाचें. घाटकोपरास किंवा बोरिवलीस खोली पाहूं जावें, तर मालक अनामत रक्कम मागतो व दलाल आपली दलाली मागतो. अकरा महिन्यांच्या करारावर सही होण्यापूर्वीं प्रश्न येतात: वडील काय करतात? गांव कोणतें? एकटीच राहणार का? खरें सांगावें तर खोली हातची जाते. खोटें सांगावें तर नव्या आयुष्याचा आरंभच लबाडीनें होतो. रात्रीं ताप भरला तर पाणी कोण देणार? सणाची सुटी पडली तर जावयाचें कोठें?

आणि ह्या सर्व अडचणी एका माणसास चांगल्या ठाऊक असतात. तो म्हणजे तिला फसवूं पाहणारा. तो खोली मिळवून देतो, जेवलीस का म्हणून विचारतो, आजारांत औषध आणतो. जी विचारपूस आपण केली नाहीं ती तो करतो, एवढेंच त्याचें कसब. पुढें ती मुलगी पुन्हां जाळ्यांत सांपडली म्हणजे लोक म्हणतात, 'मुळांतच तिची बुद्धि वाईट.' पण तिला चांगल्या माणसानें आधीं हांक मारली असती तर ती वाईट माणसाच्या हांकेस गेली असती काय, हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाहीं.

दया कीं देणें, ह्या मूळ प्रश्नाकडे आतां वळूं. आपल्या मुलींस आपण जें देतों तें त्यांनीं मिळविलेलें नसतें. लहानपणीं भरविलेला घास, आजारांतलें जागरण, लग्नानंतरचें उघडें दार, ह्यांची पात्रता कोणत्या मुलीनें परीक्षा देऊन सिद्ध केली? तरी त्याला आपण दानधर्म म्हणत नाहीं. मग तेंच ज्या मुलीपासून हिरावून घेतलें गेलें तिला तें पुढें मिळालें, तर त्याला उपकार कां म्हणावें? तें हिरावलें जात असतां शेजारी होते, नातलग होते, गांव होतें. दलाल गांवांत येऊन मुलगी घेऊन गेला तेव्हां कोणीं तरी पाहिलें होतेंच. ज्यांनीं पाहिलें व जे गप्प राहिले त्यांच्याकडे तिचें देणें निघतें. हा भेद नुसता शब्दांचा नव्हे. दान देणारा प्रथम वर्तणुकीचा दाखला मागतो. कर्ज फेडणारा सावकाराच्या वर्तणुकीचा दाखला मागत नाहीं; तो देणें देतो.

कोणी म्हणेल, 'निराधार मुलीचें ठीक आहे. पण जिनें खरोखर अपराध केला तिचें काय?' ह्या बाबतींत आपला कायदा पुष्कळ मंडळ्यांच्या पुढें गेलेला आहे. अल्पवयांत घडलेल्या अपराधामुळें पुढील आयुष्यांत कोणतीहि अपात्रता येऊं नये आणि ठराविक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करावी, असें तो सांगतो. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिघोर गुन्ह्यांपुरता तेवढा अपवाद आहे. सरकारी दप्तरांतला कागद असा नाहींसा होतो. पारावरची नोंद मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहते.

दुसरा कोणी म्हणेल, 'ती आपल्यालाच फसवील.' होय, एखादी फसवील. पैसे घेऊन निघून जाईल, सांगितलेलें ऐकणार नाहीं, उलट बोलेल. पण आपल्या घरच्या लेंकी कधीं उलट बोलत नाहींत काय? पेटीची किल्ली पहिल्याच दिवशीं हातीं द्यावी असें कोणी म्हणत नाहीं. विश्वास थोडथोडा टाकावा, पण तो टाकण्यास आरंभ आपण करावा. कारण तिनें पुष्कळदां विश्वास टाकून पाहिला आहे व त्याचें फळहि तिला मिळालें आहे.

येथें एक अवघड गोष्ट प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. सांभाळ करणें व कोंडून ठेवणें ह्यांच्यांतलें अंतर फार थोडें आहे, व चांगल्या हेतूचीं माणसेंहि तें ओलांडतात. अनैतिक व्यापार प्रतिबंधाच्या १९५६ च्या कायद्यानें, छाप्यांत सोडविलेल्या स्त्रीस चौकशीनंतर एक ते तीन वर्षें संरक्षणगृहांत ठेवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला आहे. उपनगरांत मालाड येथील एका छाप्यांतून आणलेल्या तीन सज्ञान तरुणींस असेंच वर्षभर गृहांत ठेवण्याचा हुकूम झाला होता. सप्टेंबर २०२० मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो रद्द करून त्यांना मोकळें केलें. सज्ञान स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध, केवळ तिच्या हिताच्या नांवाखालीं, अडकवून ठेवतां येत नाहीं असा त्याचा आशय होता. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेचा विचार व्हावा असें राज्यांस सांगितलें. कित्येकांस हे निकाल बोचले. 'मग काय त्यांना पुन्हां त्याच चिखलांत जाऊं द्यावें?' असें ते म्हणतात. त्यांची कळकळ खोटी नाहीं. पण माहेर आणि कोठडी ह्यांत भेद कोणता? भिंती दोहोंस असतात, छप्पर दोहोंस असतें. भेद एवढाच कीं, कोठडीची कडी राखणाऱ्याच्या हातीं असते, आणि माहेरची लेकीच्या हातीं. जिला जातां येत नाहीं तिचें राहणें हें राहणें नव्हेच. आणि जिला परत येतां येत नाहीं तिचें जाणें हें स्वातंत्र्य नव्हे.

ही गोष्ट पंडिता रमाबाईंनीं ओळखली होती. १८८३ नंतर त्या इंग्लंडमध्यें होत्या, तेव्हां तेथील भगिनींनीं त्यांना आपलें पतितोद्धाराचें काम दाखविलें. एके काळीं त्याच आश्रयास आलेल्या स्त्रिया तेथें आजाऱ्यांची सेवा करीत असलेल्या त्यांनीं पाहिल्या. जिला समाजानें टाकली तिच्याच हातीं दुसऱ्याचा जीव सोंपविलेला आहे, हें दृश्य त्यांच्या मनांत खोल रुजलें. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढें केडगांवीं मुक्तिसदन झालें, १८९६-९७ च्या दुष्काळांतल्या मुली तेथें आल्या, आणि फसविलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन झालें. तेथें विणकाम, छापखाना, शेती असे उद्योग शिकविले जात, तें दुसऱ्याच्या ओसरीवर आश्रित होऊन राहण्याची पाळी येऊं नये म्हणून.

परंतु सदनानें आपलें काम केलें तरी गांवानें आपलें करावयाचें उरतेंच. शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं विधवा गोदूबाई ह्यांचा विवाह १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं झाला. मुलगी शिकलेली, वर विद्वान. तरी कर्व्यांच्या मुरुड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. सदनाचें दार उघडणें एकट्या रमाबाईंच्या हातीं होतें. मुरुडचें दार मुरुडच्याच हातीं होतें. प्रत्येक गांवाचें असेंच असतें.

आपल्या काळांतलेंहि एक उदाहरण आहे. फेब्रुवारी १९९६ मध्यें मुंबईच्या कुंटणखान्यांवर छापे पडून चारशेंहून अधिक मुली व स्त्रिया सोडविल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्यांना परत घेण्यास त्यांचें सरकार राजी होईना, आणि सुटका झालेल्या ह्या मुली मुंबईच्या गृहांत महिनोन्‌महिने अडकून पडल्या. शेवटीं नेपाळमधील सेवाभावी संस्थांनीं शंभराहून अधिक जणींस स्वदेशीं नेलें. तेथेंहि लोकांनीं तोंडें फिरविलीं. तेव्हां त्यांतल्याच कांहीं जणींनीं एकत्र येऊन 'शक्ति समूह' ही संस्था स्थापली व मागून येणाऱ्यांना हात देऊं लागल्या. २०१३ सालीं ह्या संस्थेस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्यांना कोणी माहेर दिलें नाहीं, त्याच इतरांचें माहेर झाल्या. ह्यांत त्यांचा गौरव आहे, आणि इतर सर्वांची लाज आहे.

आतां आपल्या मंडळ्यांविषयीं दोन शब्द. अशी मुलगी आपल्यांत आली असतां दोन मोह होतात. पहिला, तिचें लवकर लग्न लावून मोकळें होण्याचा. लग्न वाईट नव्हे. पण जिला 'नको' म्हणण्यास जागा नाहीं तिचें 'हो' कितपत खरें मानावें? आधीं तिला हाताला काम व डोक्यावर छप्पर मिळूं द्या. मग ती ठरवील. दुसरा मोह, तिला मंडळीपुढें उभी करून तिच्या मागील आयुष्याची साक्ष देवविण्याचा. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात खरे, पण तिला त्याच बायकांबरोबर दुसऱ्या दिवशीं विहिरीवर जावयाचें असतें. तिची गोष्ट तिची आहे. तिला सांगावीशी वाटली तर ऐकावी, व ऐकून पोटांत ठेवावी.

करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्याला मोठा पैसा लागत नाहीं. उपदेशकानें आपल्या गांवची कोणी मुलगी अशा गृहांत आहे काय ह्याची चौकशी करावी. ती असल्यास गृहाच्या अधिकाऱ्यांमार्फत तिला पत्र धाडावें, व ती बाहेर पडण्याच्या वर्षभर आधीं आरंभ करावा, दिवस उजाडल्यावर नव्हे. जातीचा व जन्माचा दाखला मिळविण्यास पाळकांनीं तालुक्यापर्यंत तिच्या बाजूनें जावें. खोलीच्या करारावर एखाद्या वडिलांनीं साक्षीदार म्हणून सही करावी. आणि एका घरानें, एकाच घरानें, तिला सांगून ठेवावें कीं दर नाताळास व दिवाळीच्या सुटींत तुझें पान आमच्याकडे वाढलेलें असेल. आलीस तर कां आलीस म्हणून विचारणार नाहीं, नाहीं आलीस तर कां नाहीं आलीस म्हणून अवश्य विचारूं.

उधळ्या पुत्राची गोष्ट आपण सर्व जाणतों. तो उठून निघाला, कारण आपल्याला बापाचें घर आहे हें त्याला ठाऊक होतें. तें घरच नसतें तर त्याचा पश्चात्ताप त्याला कोठें घेऊन गेला असता? ज्या मुलीस असें घर नाहीं तिच्या वाटेवर आज आपलीं घरें उभीं आहेत. त्या गोष्टींत थोरला भाऊहि आहे. तो अंगणांत उभा राहून कुरकुरतो. अंगणांतल्या त्या माणसाची जागा कोणीं घ्यावयाची व दाराशीं वाट पाहणाऱ्याची कोणीं, हें ती मुलगी ठरवूं शकत नाहीं. तें आपण ठरवावयाचें आहे.