निवृत्तांची लॉगिन अजून चालू कशी?

वह्या मिटा आणि इकडं बघा. तुमच्या पतसंस्थेतल्या वापरकर्त्यांची यादी मी काल रात्री वाचली. त्यातली आठ माणसं नोकरी सोडून गेलेली आहेत. एक काका तर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ दिलंत, फोटो काढलेत, कपाटाच्या किल्ल्या मोजून परत घेतल्यात. त्यांचं लॉगिन मात्र आजही चालू, तेही घरून आत येण्याच्या परवानगीसकट! विचारलं तर म्हणे, "सर, ते कुणी वापरत नाही."

अरे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं! कामावरच्या माणसाच्या नावानं कुणी रात्री दोनला आत शिरलं तर सकाळी तो निदान ओरडेल. घरी बसलेल्या काकांना कळणार कसं?

2021 साली अमेरिकेत कलोनियल पाइपलाइनचं काय झालं? टेक्सासपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे 8,850 किलोमीटरचं जाळं, पूर्व किनाऱ्याचं जवळजवळ निम्मं इंधन त्यातून जातं. चोर कंपनीच्या संगणकांत आले ते एका जुन्या व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या, खात्यातून. ते वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. पासवर्ड सोपा नव्हता. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी सिनेटसमोर तसं सांगितलं. पण त्या खात्याला पासवर्डाशिवाय दुसरी पडताळणीच नव्हती, आणि तो पासवर्ड चोरांच्या हाती लागला होता. 7 मे रोजी खंडणीची चिठ्ठी दिसली आणि कंपनीनं पाइपलाइन थांबवली. पंपांवर रांगा लागल्या. 75 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 44 लाख डॉलर, मोजावे लागले. एक खातं बंद करायला किती मिनिटं लागतात, सांगा ना आता!

तुम्ही दुसरी पडताळणी म्हणून मोबाइलवर मंजुरी लावलीत, ते ठीक. पण 2022 मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला मंजुरीच्या विनंत्या येत राहिल्या आणि शेवटी त्यानं एकदा 'हो' दाबलं. आपण लॉगिन करत नसताना विनंती आली, तर ती नाकारायची आणि लगेच कळवायचं, हे तुमच्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत किती जणांना सांगितलंत?

आणि ॲडमिनचा एकच पासवर्ड चौघांत! रोखीच्या वहीत चौघांनी एकच सही केलेली चालेल तुम्हाला? उद्या काही घडलं तर कुणाला विचारायचं?

कर्मचारी गेल्याचं आस्थापना विभाग कळवत नाही, हे मला मान्य आहे. ती चूक त्यांची. पण तीन वर्षांत यादी एकदाही उघडली नाही, ही तुमची. भाजी विकून महिन्याला पाचशे रुपये टाकणारी बाई व्हीपीएन जाणत नाही. ती तुमच्या भरवशावर झोपते.

आज घरी जाण्याआधी ती आठही खाती बंद करा, चौघांना चार वेगळी लॉगिन द्या. नवी यादी उद्या साडेदहाला माझ्या टेबलावर हवी.