ढग गिळण्याचा उद्योग

वॉनटन सूप घरी करायचं, ही कल्पना माझी. ती निस्तरायचं काम नेहमीप्रमाणे हिच्याकडे येणार होतं. पण त्या दिवशी ही माहेरी होती.

कृती वाचायला सोपी. मैदा, अंडं आणि पाण्याची पारी इतकी पातळ लाटायची, की तिच्यातून पेपर वाचता यावा. चौकोन कापून मधे कोळंबीचं सारण भरायचं, कडांना पाण्याचं बोट लावून त्या मिटायच्या. उकळत्या पाण्यात शिजले, की ते आपणहून तरंगतात. कँटनकडचे लोक हे नाव 'ढग' आणि 'गिळणे' अशा दोन अक्षरांनी लिहितात. माझे ढग पातेल्यातच फुटले, नि गढूळ पाऊस पडला.

उत्तरेकडचे चिनी ह्याच पदार्थाला 'हुंदुन' म्हणतात. इ. स. पूर्व ४थ्या शतकातल्या च्वांग त्झूच्या नावावरच्या ग्रंथात हुंदुन नावाचा एक सम्राटही आहे. त्याला डोळे, कान, नाक, तोंड काहीच नाही. पण आतिथ्य मोठं! दक्षिण आणि उत्तर समुद्रांच्या सम्राटांना वाटलं, ह्याचे उपकार फेडावेत. सगळ्यांना सात भोकं असतात, ह्या बिचाऱ्याला एकही नाही! त्यांनी रोज एक पाडलं. सातव्या दिवशी हुंदुन मेला.

पातेलं घासताना हे आठवून मला हसू आलं. मग खिडकीशी बसलेले अण्णा दिसले नि हसू जिरलं. आई गेल्यावर मी त्यांना गावाहून इथे आणलं. सोमवारी कानाचं यंत्र, मंगळवारी हास्यसंघ, बुधवारी स्मार्टफोन. अण्णा "बरंय" म्हणायचे. हल्ली तेवढंच म्हणतात. मी समजत होतो, रुळले!

आता हात बांधून बसणं म्हणजे काही चांगुलपणा नव्हे. कानाचं यंत्र त्यांना हवंच होतं. पण दुसऱ्याचं भलं आपल्याच मापानं करायला निघालो, की हातात गिरमिट कधी येतं ते कळत नाही. आणि एवढ्या दिवसांत, "अण्णा, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

विचारणार, तेवढ्यात तेच उठून आले. "सरक," म्हणाले. "तुझ्या आईच्या हाताखाली चाळीस वर्षं करंज्या भरल्यात मी." उरलेल्या पाऱ्या त्यांनी भरल्या, आतली हवा दाबून काढली, कडेला झकास मुरड घातली. एकही फुटली नाही.

वॉनटनला मुरड घालत नाहीत, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग त्यात चमचा घातला.