तो दिवा माझ्यासाठी नव्हता

"नुसता पुसायचा असेल तर दोनशे रुपये. कायमचा बंद करायचा असेल तर अठरा हजार. सांगा मालक, काय करू?"

शहराबाहेरच्या एका गॅरेजमध्ये मला हा प्रश्न विचारला गेला. पुसायचा होता तो आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा. इंजिनाच्या आकाराचा, चेक इंजिनचा. आणि खरं सांगतो, मी खिशातून फोन काढून खात्यात किती पैसे आहेत ते बघायला लागलो होतो.

गाडी घेऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. सेकंडहॅन्ड, डिझेल, २०२० चं मॉडेल, बासष्ट हजार किलोमीटर चाललेली. पप्पांचे गुडघे गेल्यापासून त्यांना रिक्षात चढता येत नाही. फिजिओथेरपीला नेणं, आईला बाजारात सोडणं, वर्षातून दोनदा पंढरपूर, एवढ्यासाठी घेतलेली गाडी. डिझेल का, तर घरात सगळ्यांचं एकमत होतं की डिझेल परवडतं. रोजच्या चार किलोमीटरला काय परवडतं याचा हिशोब कुणी केला नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी सात रस्त्याच्या सिग्नलला दिवा लागला. पिकअप गेला. गाडी दमेकऱ्यासारखी चालायला लागली.

मी आजकालचा मुलगा, म्हणून आधी ऑनलाइन आठशे रुपयांचा स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो खोचायचा आणि ब्लूटूथवरून फोनला जोडायचा. मग गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेली तक्रार फोनवर दिसते. माझ्या फोनवर दोन कोड आले. पी २४६३, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर काजळीने भरलाय. आणि पी २४५३, म्हणजे त्या फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा सेन्सर विश्वास ठेवण्यासारखं बोलत नाहीये.

मग ॲपमध्ये इकडेतिकडे बोटं फिरवताना एक ओळ दिसली. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर: १०४ किलोमीटर.'

आम्ही गाडी चालवली होती नव्वद किलोमीटर.

मला समजायला मिनिटभर लागलं. कोड पुसता येतो, पण पुसला हे पुसता येत नाही. पुसल्यानंतर गाडी किती चालली, हे कॉम्प्युटर पुन्हा शून्यापासून मोजत राहतो. म्हणजे आमच्या ताब्यात येण्याच्या चौदा किलोमीटर आधी कुणीतरी हा दिवा विझवला होता. विझलेला डॅशबोर्ड बघून पप्पा म्हणाले होते, "गाडी स्वच्छ ठेवलीय हं माणसाने."

मी विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे तर कधी लाइट लागली नाही." माझं डोकं फिरलं. फसवलं, खोटं बोलला, म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनीतले पैसे होते, वगैरे सगळं बोलून झालं. त्याने फोन ठेवला.

आणि दोनच दिवसांनी मी त्या गॅरेजमध्ये उभा राहून अठरा हजारांचा विचार करत होतो.

या अठरा हजारांत काय मिळतं ते सांगायला हवं. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. बीएस-४ च्या डिझेल कारला एका किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण हवेत सोडायची मुभा होती, ती ४.५ वर आली. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा बसवतात. आत चिनीमातीसारख्या पदार्थाची बारीक नळ्यांची जाळी असते. शेजारशेजारच्या नळ्या उलटसुलट टोकांनी बंद केलेल्या, म्हणजे धुराला भिंतीतून झिरपूनच जावं लागतं आणि काजळी मागे राहते. डबा भरत आला की कॉम्प्युटर इंजिनात जास्तीचं डिझेल सोडतो, धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. पण त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं सलग चालावी लागते. चार किलोमीटरवर आपण चावी बंद केली की जळण अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की डबा तुंबतो.

अठरा हजारांत तो डबा उतरवतात, आतली जाळी फोडून काढतात आणि रिकामा डबा वेल्डिंग करून परत जागेवर बसवतात. मग कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधून फिल्टरचा विषयच काढून टाकतात. बाहेरून सगळं जसंच्या तसं. दिवा पुन्हा कधीच लागत नाही. पिकअप परत येतो. नवीन फिल्टरचा खर्च त्या माणसाने लाखाच्या घरात सांगितला होता. अठरा हजार विरुद्ध एक लाख, आणि घरात पेन्शन. यात विचार करण्यासारखं काय होतं?

त्या दिवशी गाडी तशीच घेऊन परत आलो, ते काही नैतिक जागृतीमुळे नाही. खात्यात अकरा हजार होते, म्हणून.

रात्री स्कॅनरच्या कोडांबद्दल वाचत बसलो आणि एक गोष्ट कळली. डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे मालकाच्या भल्याचे असतात. ऑइलचा लाल दिवा म्हणतो, थांब, तुझं इंजिन जळेल. तापमानाचा, बॅटरीचा, सीटबेल्टचा, सगळे तुझं-तुझं करणारे. हा पिवळा दिवा मात्र वेगळ्या घरातून आलाय. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाड्यांत स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची केली. १९९६ पासून तिची सुधारलेली आवृत्ती अख्ख्या अमेरिकेत आली, आणि आपल्याकडे ती २०१३ मध्ये. तिचं काम इंजिन वाचवणं नव्हतं. धूर मर्यादेबाहेर जाईल असा बिघाड झाला की गाडीने कबूल करावं, एवढ्यासाठी ती होती. त्यातून इंजिनाचंही भलं होतं, पण ते जाता जाता.

म्हणजे माझ्या गाडीत, माझ्या पैशाने, माझ्या डोळ्यांसमोर लागणारा तो दिवा माझ्यासाठी नव्हताच. तो माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसासाठी होता. त्याला माझा डॅशबोर्ड दिसत नाही, म्हणून त्याच्या वतीने मला दाखवला जात होता.

आणि तो माणूस मला चांगला माहीत आहे. गाडी आईपप्पांसाठी आहे. मी स्वतः रोज स्कूटरवर ऑफिसला जातो. आसरा चौकात कुठल्यातरी डिझेल गाडीच्या मागे, नाकाला रुमाल लावून उभा असलेला तो मीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, आणि हवा ठरलेल्या पातळीपेक्षा वाईट असणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं सोलापूरही आहे.

यावर उत्तर तयार असतं, माझ्याकडेही होतं. माझ्या एका गाडीने काय होणार? काळा धूर ओकणारे ट्रक बघा, जळणारा कचरा बघा. आकड्यांत हे खरंच आहे. माझा डबा फोडल्याने सोलापूरच्या हवेत मोजता येईल असा फरक पडणार नाही.

पण मग मला गाडी विकणाऱ्याचं काय? देशात रोज इतक्या जुन्या गाड्या विकल्या जातात. एका गाडीचा एक कोड पुसला तर बाजारात कुठे फरक पडतो? तेव्हा मी हा हिशोब मान्य केला नव्हता. तेव्हा मला ती फसवणूक वाटली होती, कारण फसलेल्या माणसाला नाव होतं आणि ते माझं होतं.

इथे मी बराच वेळ अडकलो. आम्हा दोघांत फरक एकच होता. त्याने ज्याला फसवलं त्याच्याकडे त्याचा नंबर होता. तो फोन करून शिव्या घालू शकत होता. मी ज्यांना फसवणार होतो, त्यांच्याकडे माझा नंबर नाही. रुमाल लावलेली बाई, फुटपाथवरचा चहावाला, शाळेच्या रिक्षात दाटीवाटीने बसलेली पोरं. त्यांना कधी कळणारही नाही की फसवणूक झाली. माझं कृत्य म्हणून लहान ठरत होतं का? की फक्त सुरक्षित ठरत होतं? या दोन गोष्टी आपण किती सहज एक करून टाकतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाची कथा येते. त्याला एक अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो. प्रश्न असा आहे की अशी अंगठी मिळाल्यावर माणूस न्यायाने वागेल का. अंगठीचं सोडा, २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं. त्यांच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर ओळखायचं की आता प्रयोगशाळेत चाचणी चाललीय, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने गाडीच्या डिकीत यंत्रं ठेवून ती खऱ्या रस्त्यांवर चालवली, तेव्हा आकडे जुळेनात, आणि तिथून धागा सुटला. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन भारतीय संशोधक होते. बातमी वाचताना आपण कंपनीला शिव्या देतो. पण अठरा हजारांत मला मिळणार होती ती त्याच अंगठीची गल्लीतली आवृत्ती.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाने अक्कलकोट रोडकडच्या एका अण्णांचं नाव सुचवलं. अण्णांनी स्कॅनर लावायच्या आधी प्रश्न विचारले. रोज किती चालते? शेवटची हायवेला कधी काढली? टाकीत डिझेल कायम कमीच असतं का? मग डिपस्टिक काढली, वास घेतला आणि माझ्या नाकाखाली धरली. ऑइलला डिझेलचा वास येत होता आणि पातळी खुणेच्या वर गेली होती. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जळणातलं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरलं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, फिल्टर गेलाय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कोड आलाय ना."

"कोड म्हणजे तक्रार, सर. निकाल न्हवं."

गाडी वर उचलली. फिल्टरपासून दाबाच्या सेन्सरकडे दोन बारीक रबरी नळ्या जातात. त्यातली एक उष्णतेने कडक होऊन क्लिपपाशी चिरली होती. सेन्सरला दाब नीट कळत नव्हता, म्हणून कॉम्प्युटर काजळी जाळायचं धाडसच करत नव्हता, म्हणून डबा भरत गेला होता. कुणी किती महिने आधी दिवा बघून ही नळी बघितली असती, तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. त्याऐवजी दिवा पुसला गेला, आणि चिरलेली नळी गाडीसोबत आमच्या दारात आली.

नळी साडेचारशे रुपये. नवीन ऑइल, फिल्टरवाल्या गाडीला चालणारं. स्कॅनरवरून एकदा जबरदस्तीने काजळी जाळली, तेव्हा गॅरेजच्या दारात गाडी अर्धा तास गुरगुरत उभी होती. सगळं मिळून सात हजारांच्या आत. मी हुश्श केलं आणि म्हटलं, "आता तो दिवा तेवढा पुसून टाका."

अण्णा हात पुसत म्हणाले, "कशाला पुसायलाव? बरी झाली असंल तर तोच विझतोय. न्हाई विझला तर आपलं काम झालं न्हाई. पुसल्यावर कसं कळणार?"

मी विचारलं, "आणि खरंच फिल्टर गेला असता तर? लाख रुपये कुठून आणले असते?"

ते जरा थांबले. "मग इकायची. पण सांगून इकायची."

या उत्तराने माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. सांगून विकली असती तर लाखभर कमी आले असते, आणि पप्पा परत रिक्षाच्या पायरीशी. नळीऐवजी फिल्टर निघाला असता, तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. साडेचारशे रुपयांत प्रामाणिक राहता आलं, यात माझं कर्तृत्व फार नाही. पण अण्णांच्या वाक्यात एक किमान पातळी आहे. परवडत नाही म्हणून दुरुस्त करता आलं नाही, हे समजू शकतं. बिघाड लपवून तो दुसऱ्याच्या हवाली करणं ही वेगळी गोष्ट आहे. मग तो दुसरा गाडी घेणारा असो, नाहीतर मागच्या स्कूटरवरचा.

रविवारी पप्पांना पुढे बसवून पुणे हायवेला लागलो. मोहोळ मागे पडलं, टेंभुर्णीला चहा घेतला आणि परत फिरलो. जाताना दिवा जळतच होता. पप्पा दर पाच मिनिटांनी वाकून बघायचे, "आहे अजून." सोमवारी होता. मंगळवारी फिजिओथेरपीला जातानाही होता. सलग तीन फेऱ्यांत बिघाड सापडला नाही तर गाडी तो स्वतः विझवते, असं वाचलं होतं, पण विश्वास नव्हता.

गुरुवारी सकाळी चावी फिरवली. सगळे दिवे नेहमीसारखे एकदम लागले, इंजिन सुरू झालं आणि एकेक करून विझले. शेवटी पिवळाही.

मी स्कॅनर लावला. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर: ३३१ किलोमीटर.' आकडा पुढे चालला होता. मधे कुणी काही पुसलं नव्हतं.