वैद्याचें सान्निध्य

वैद्यानें रोग्याजवळ असलें पाहिजे, हें आपण गृहीत धरून चालतों. परंतु ‘जवळ असणें’ म्हणजे काय, याचा विचार आपण क्वचितच करतों. २०२० सालच्या महामारीनें तो करणें भाग पाडलें. कर्करोगाचा रोगी त्या वेळीं दुहेरी संकटांत सांपडला. रसायनोपचारानें ज्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या आहेत, त्याला रुग्णालयांतील गर्दी घातक. आणि घरीं बसावें, तर आंतला रोग कोणासाठीं थांबणार? २५ मार्च २०२० रोजीं, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशीं, भारतांत दूरचिकित्सेचे मार्गदर्शक नियम निघाले, आणि पुष्कळ रोगी आपल्या वैद्यास मोबाइलच्या पडद्यावर भेटूं लागले.

अशा भेटीला कित्येक जण वैद्यकाचा ऱ्हास समजतात. १८१६ सालीं पॅरिस येथें लेनेक या वैद्याला एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणें प्रशस्त वाटेना. त्यानें कागदाची सुरळी करून मध्यें धरली, तों हृदयाचे ठोके अधिकच स्पष्ट ऐकूं आले. स्टेथॉस्कोपचा जन्म असा झाला. अंतर पडलें म्हणजे जिव्हाळा तुटलाच, असें नाहीं. केवळ एक अहवाल दाखविण्यासाठीं दूरच्या गांवाहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत येणाऱ्या दुर्बल रोग्याला घरबसल्या भेट मिळणें, ही दयाच होय.

परंतु सुरळीनें ठोका कानापर्यंत आणला. पडदा गांठ बोटांपर्यंत आणूं शकत नाहीं. काखेंतील गांठ हलते कीं चिकटून बसली आहे, हें बोटांनाच कळतें. म्हणूनच रोग्यास प्रत्यक्ष बोलवावें कीं काय, हा निर्णय नियमांनीं वैद्याच्या विवेकावर सोंपविला. खरा नैतिक प्रश्न येथेंच उद्भवतो. पडदा दोघांच्याहि सोयीचा असतो. रोग्याला तपासणी टाळावयाची असते. ‘आतां उपाय उरला नाहीं’ हें सांगतांना वैद्याला समोरचे अश्रु टाळावयाचे असतात. सोय ही पुष्कळदां दयेचाच वेष घेऊन येते.

तेव्हां हें अंतर कोणासाठीं राखलें, हीच कसोटी लावावी: रोग्याचा जीव जपण्यासाठीं, कीं वैद्याचें मन जपण्यासाठीं? ‘येथून मला पुरेसें कळत नाहीं, आपण या’ असें जो वेळेवर म्हणूं शकतो, तो वैद्य दूर असूनहि जवळ असतो. ज्याला तें म्हणवत नाहीं, तो खाटेशेजारीं उभा असला तरी दूरच होय.