आधी आत ढकला

शीळफाट्याहून कल्याणला जाताना, आता जिथे टॉवरच टॉवर दिसतात त्या पट्ट्यात प्रीमियर या मोटार कंपनीचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. त्यांची पद्मिनी मात्र कुर्ल्याची.

अशी एखादी जुनी गाडी पावसाळाभर उभी राहिली, की दार हमखास अडकतं. आपण हँडलला हिसका देतो. हँडल हातात येतं, दार जागच्या जागी!

मुरलेला मिस्त्री घाई करत नाही. फटीतून लॉकवर गंज सोडवणारं तेल मारतो आणि खुशाल चहा घेतो. मग एकाला दार बाहेरून आत दाबायला सांगतो, आणि त्याच क्षणी स्वतः हँडल हळूच उचलतो. ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. त्यात ओढल्याने लॉकची पकड आणखी आवळते. आत दाबलं की तिच्यावरचा ताण उतरतो. उघडायचं म्हणून आधी लोटायचं, हे आपल्या हाताला पटत नाही, एवढंच.

दार उघडलं की त्याच्या तळाची पाणी निचरायची भोकं काडीने मोकळी करा. फाट्यावरच्या धुळीत ती फार लवकर बुजतात.