हुबारा, माळढोक आणि सातबारा

‘‘तुमच्या देशात हुबारा येतो, पण त्याची शिकार करू देत नाहीत. मग तो तुमच्या काय कामाचा?’’ असा प्रश्न आमच्या खात्यातल्या एका सौदी सहकाऱ्याने मला चहाच्या वेळी विचारला होता. प्रश्नात खोच नव्हती. त्याला खरोखरच कुतूहल होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे नाव सांगून मी वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

खफजीतल्या आपल्या मंडळींना हुबारा नावाने तरी माहीत असेल. थंडी सुरू झाली की वाळवंटात तंबू पडतात आणि मनगटावर ससाणा घेतलेली माणसे दिसू लागतात. त्या ससाण्याचे सर्वांत मानाचे सावज म्हणजे हुबारा. मध्य आशियातून हिवाळ्यात उतरणारा, वाळूच्या रंगाचा, कोंबडीहून जरा मोठा पक्षी. आपल्या माळढोकाचा धाकटा चुलतभाऊच म्हणा ना. उंटावरून जाऊन दोनचार पक्षी आणण्याचे दिवस जीपगाड्यांनी संपवले आणि अरबस्तानातला हुबाराही संपत आला. मग शिकारी पाकिस्तानात जाऊ लागले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये बंदी घातली आणि जानेवारी 2016 मध्ये उठवली. राजस्थानातही सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अशी एक शाही स्वारी आली होती. लोक खवळले, आणि 1980 साली जयपूरला या कुळातल्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

पण गंमत अशी की शिकार टिकावी म्हणून शिकाऱ्यांनीच पैसा ओतला. सौदी सरकारने 1986 मध्ये ताइफला संशोधन केंद्र काढले आणि महाझत अस्‌-सैद येथे सुमारे 2200 चौरस किलोमीटर जमिनीला कुंपण घालून तिथे हुबारा सोडले. अबू धाबीच्या संस्थेने तर कृत्रिम रेतनाने लाखो पिल्ले वाढवली. तरीही जागतिक यादीत हुबारा अजून असुरक्षितच गणला जातो. पिंजऱ्यात जन्मून ससाण्यापुढे सोडला जाणारा पक्षी ‘वाचला’ असे म्हणायचे का? माझे मत विचाराल तर नाही. त्यातले बरेचसे शिकारीचे वाचणे आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातला. त्यामुळे दुसऱ्यांना नाके मुरडण्याआधी मला नान्नज आठवते. माळढोक म्हणजे मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातला एक अतिवजनदार पक्षी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचेच नाव सुचवले होते. 1963 मध्ये मान मोराला मिळाला. 1979 मध्ये सोलापूर-नगरच्या तालुक्यांत माळढोक अभयारण्य झाले, क्षेत्र तब्बल 8496 चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळेच आले. पक्षी वापरत होता ते गवताळ तुकडे थोडेसे. पण खरेदी-विक्री, कर्जे, उद्योग, रस्ते यांच्या अडचणी मात्र सगळ्यांच्या वाट्याला. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकू न शकलेल्या शेतकऱ्याच्या मनात त्या पक्ष्याबद्दल काय भावना निर्माण झाली असेल, हे सांगायला नको. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आणले, पण तोवर पक्षी लोकांच्या नजरेत शत्रू झाला होता.

दरम्यान उजनीचे पाणी आले, ऊस आला. नान्नज तर द्राक्षांसाठी नावाजलेले; सोनाका जात याच गावची. कोणी बंदूक न उचलता माळ संपला. कोरडवाहू माणसाच्या घरी पाणी आले याचे दुःख मी करणार नाही. पण पाण्याचा लाभ एकाला, पक्ष्याचे ओझे दुसऱ्याला आणि पक्षिप्रेमाचे पुण्य तिसऱ्याच कोणाला, हा हिशोब मला पटत नाही. तिसऱ्यात आपण येतो. इथे करमुक्त पगार घेऊन ‘माळढोक वाचलाच पाहिजे’ म्हणणे किती सोपे! आपल्या सातबाऱ्यावर त्याचा शेरा नाही.

2011 पासून माळढोक ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. उरले दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. तिथे त्याला मारतात त्या विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तारा कसल्या, तर सौर आणि पवनऊर्जेच्या! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितले. मार्च 2024 मध्ये खर्च आणि स्वच्छ ऊर्जेची गरज पाहून तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. आपण खफजीकर तर तेलावर जगतो. तेलाचा धूर कमी व्हावा म्हणून उभारलेली तार पक्ष्याचा जीव घेते, तेव्हा दोष नेमका कोणाचा, हे मला ठरवता येत नाही. पण तार पुरण्याचा खर्च वीज वापरणाऱ्यांवर वाटून टाकावा, एवढे मला पटते. निदान इथे तरी किंमत कोणा एका गावाच्या माथी बसणार नाही.

आणि आता खरी गोष्ट. जैसलमेरजवळ सम येथे 2019 पासून माळढोकाची पिल्ले वाढवतात. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ते तंत्र आपले शास्त्रज्ञ शिकले कोठून? अबू धाबीच्या त्याच हुबारावाल्यांकडून! ज्यांच्या शिकारीवर आपण जयपुरात निषेध केला, त्यांच्याच हौसेतून आलेले ज्ञान आज माळढोकाच्या कामी येते आहे. हेतू अशुद्ध म्हणून ते नाकारावे का? मुळीच नाही. माझ्या सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो मनापासून हसला आणि म्हणाला, ‘‘मग आता सोडणार कुठे?’’

नान्नजला माळढोक हल्ली दिसलाच तर एखादा. त्याच्यासाठी राखलेल्या गवतात काळविटे मात्र भरपूर वाढली आहेत, आणि रात्री ती शेजारच्या ज्वारीत उतरतात. जागलीला माझा चुलतभाऊ जातो.